हात जोडणं, हात ठेवणं, फुंकर, थुंकी : ख्रिस्ती संस्कारांतल्या हस्तक्रिया मूळच्या कुठल्या?

सांजवात :
ख्रिस्ती संस्कारांत हाताने जे जे करतात त्याचा 'अर्थ' सांगणारं साहित्य ढिगाने मिळतं. पण ती क्रिया सुरू कधी झाली, कुणी केली, त्याआधी काय करायचे, हे सांगणारं फार थोडं मिळतं. म्हणून थेट प्रश्न विचारते :

१. हात जोडून प्रार्थना करणं हे आपल्या नमस्कारावरून पश्चिमेत गेलं, असं बऱ्याच ठिकाणी ठोकून दिलेलं असतं. खरं आहे का?
२. जुन्या लॅटिन मिस्साच्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या) चित्रफितीत फादर ओस्ती, म्हणजे अर्पणाची पातळ भाकर, वर उचलतात तेव्हा मागे गुडघ्यावर बसलेला मुलगा त्यांच्या झग्याचं टोक धरून वर करतो. कशासाठी? आणि त्यानंतर बराच वेळ फादर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवून का ठेवतात?
३. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी बाळाच्या कानाला थुंकी लावायचे म्हणतात. भारतातसुद्धा?
४. दृढीकरणात (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या संस्कारात) बिशप गालावर चापट मारायचे. ती आली कुठून आणि गेली कुठे?
५. या सगळ्यात 'हे चुकलं तर संस्कार झालाच नाही' असं नेमकं कशाला म्हणतात?

भक्तिपर उत्तरं नकोत. सनावळी आणि कारणं हवीत.

---

जुनी_वही :
पहिल्या दोनांचं सांगतो, बाकीचे जाणकार येतीलच.

नमस्काराचा संबंध नाही. पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती लोक हात जोडतच नसत. उभं राहायचं, दोन्ही हात बाजूंना पसरून थोडे वर उचलायचे, तळवे उघडे. रोमच्या प्रिस्किला भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातलं बुरखाधारी स्त्रीचं चित्र आहे, ती अशीच उभी आहे. आजही वेदीवर फादर मुख्य प्रार्थना म्हणताना हात पसरतात, तीच ही जुनी पद्धत. लोकांची सुटली, त्यांची राहिली.

जोडलेले तळवे पश्चिम युरोपात रुळले ते साधारण बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत, आणि बहुतेक अभ्यासक त्याचा धागा सरंजामी शपथेला जोडतात. जमीन घेणारा सरदार टोपी काढून गुडघ्यावर बसायचा, जोडलेले हात धन्याच्या दोन्ही हातांमध्ये द्यायचा, धनी ते मिटून घ्यायचा. 'मी तुमचा माणूस' एवढाच त्याचा मतलब. गुडघे टेकणं आणि हात जोडणं ही जोडी प्रार्थनेत एकत्र शिरली ती या वातावरणातून. जुना मासला बघायचा असेल तर धर्मगुरूंच्या दीक्षाविधीत बघा : उमेदवार बिशपसमोर गुडघे टेकतो, जोडलेले हात बिशपच्या हातांत देतो आणि आज्ञापालनाचं वचन देतो. हावभाव तोच, फक्त जहागीर नाही.

आपला नमस्कार कॅथलिक मिस्सामध्ये आला तो वेगळ्या दाराने आणि फार अलीकडे. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी उपासनेतले बारा बदल मंजूर केले. गुडघा टेकण्याऐवजी अंजली करून खोल वाकणं, पंचांग प्रणाम, वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावणं, शांतीच्या चुंबनाऐवजी एकमेकांना नमस्कार, मेणबत्तीऐवजी समई, कॉर्पोरल नावाच्या कापडाऐवजी तबक, अर्पणाच्या वेळी फुलं-धूप-दिव्याची आरती. हे सगळीकडे सक्तीचं नव्हतं, म्हणून एका चर्चमध्ये दिसतं, शेजारच्यात दिसत नाही.

आता ओस्ती उचलणं. हा मामला पॅरिसचा. बाराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या पंडितांत वाद होता : 'हे माझे शरीर आहे' हे शब्द उच्चारले की भाकर लगेच पवित्र झाली, की द्राक्षारसावरचे शब्द होईपर्यंत थांबायचं? एक पक्ष म्हणे दोन्ही होईपर्यंत काही नाही. तेव्हा फादर 'त्याने भाकर घेतली' म्हणताना ती छातीपर्यंत किंवा त्याहून वर उचलतच असत, आणि मागून लोक शब्द होण्याआधीच पाया पडून मोकळे होत. पॅरिसचा बिशप ओडो द सुली (कारकीर्द ११९६ ते १२०८) याच्या नियमांत याचा बंदोबस्त आहे : शब्द होईपर्यंत छातीच्या पातळीवरच धरा, शब्द झाले की सर्वांना दिसेल इतकी वर करा. एका फटक्यात दोन कामं. लोकांचं चुकीचं पूजन थांबलं आणि वादातली एक बाजूही ठरून गेली. चषक उचलणं मागाहून आलं, सगळीकडे एकसारखं झालं ते १५७० च्या मिस्सा-ग्रंथाने.

झग्याचं कारण निव्वळ शिवणकामाचं. मध्ययुगातला मिस्साचा झगा घंटेच्या आकाराचा असे, दोन्ही हातांवरून खाली मनगटापर्यंत लोंबणारा, जाड रेशमाचा, वर जरीचं काम. हात वर केले की सगळं वजन दंडावर यायचं. मागून कुणी उचलून धरलं तर हात मोकळे. पुढे झग्याच्या बाजू कापत कापत त्याला पुढेमागे दोन पाट्या लावल्यासारखा आकार आला, वजन गेलं, पण उचलणारा मुलगा राहिला. मग 'येशूच्या वस्त्राच्या काठाला शिवणाऱ्या बाईची आठवण' वगैरे स्पष्टीकरणं आली. ती सगळी नंतरची.

काही चर्चमध्ये त्या क्षणी वेदीमागे काळसर पडदा ओढत, पांढरी ओस्ती उठून दिसावी म्हणून. घंटाही त्याचसाठी : लोक आपापल्या जपात असत, त्यांना मान वर करायची खूण हवी.

बोटांचं : ओस्ती धरली की अंगठा आणि तर्जनीच्या पेरांना बारीक कण चिकटतात. त्या बोटांनी दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, म्हणून ती मिटलेलीच ठेवायची, ती थेट बोटं धुवेपर्यंत. यामुळे वेदीवरच्या वस्तूसुद्धा बदलल्या. चषकाच्या दांड्याला मधोमध जी गाठ असते ती यासाठी फार सोयीची : अंगठा-तर्जनी जोडलेली ठेवून उरलेल्या बोटांनी दांडा धरायचा तर गाठीशिवाय तो निसटतो. ग्रंथाच्या त्या पानांना कडेला कातडी पट्ट्या लावत, मधल्या बोटांत पकडून पान उलटता यावं म्हणून. शेवटी चषकावर बोटं धरायची, सेवक त्यावरून आधी द्राक्षारस, मग पाणी ओततो, ते धुवण फादर पितात, आणि मग बोटं सुटतात. ही सक्ती ४ मे १९६७ च्या रोमन सूचनेने काढली. चित्रफितीत बोटं मिटलेली दिसली तर ती त्याआधीची, किंवा आजही जुन्या ग्रंथाप्रमाणे होणाऱ्या मिस्साची.

---

उंबरठा :
थुंकीचा प्रश्न माझा.

हो, लावायचे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू बहिऱ्या-तोतऱ्या माणसाच्या कानांत बोटं घालतो, थुंकून त्याच्या जिभेला स्पर्श करतो आणि 'इप्फाथा, म्हणजे मोकळा हो' म्हणतो. चौथ्या शतकात मिलानमध्ये बिशप अँब्रोझ हा विधी समजावून सांगतो. तिथे कान आणि नाक, तोंड नाही. कारणही तोच देतो : येशूने पुरुषाच्या तोंडाला स्पर्श केला, पण इथे स्त्रियाही असतात, बिशपने त्यांच्या तोंडाला हात लावणं शोभत नाही, म्हणून नाक. सोळाशे वर्षांनी त्याचं पटतंच.

१६१४ च्या रोमन विधिग्रंथाप्रमाणे बाळाच्या संस्काराचा क्रम असा. चर्चच्या दारातच थांबवायचं. फादर बाळाच्या तोंडावर तीनदा हळू फुंकतात, अशुद्ध आत्म्याला 'निघ' म्हणत. कपाळावर आणि छातीवर अंगठ्याने क्रूस. डोक्यावर हात. जिभेवर चिमूटभर मंतरलेलं मीठ. मग जांभळ्या स्टोलचं (फादरांच्या गळ्यातल्या लांब पट्ट्याचं) टोक बाळावर टाकून आत न्यायचं. आत आल्यावर अंगठ्याला स्वतःची थोडी थुंकी लावून उजवा कान, डावा कान, नाकपुड्या. सैतानाचा त्याग : तीन प्रश्न, बाळातर्फे धर्ममातापिता उत्तर देतात. तेल छातीवर आणि पाठीवर खांद्यांच्या मधोमध. इथे फादर जांभळा स्टोल काढून पांढरा घालतात. विश्वास आहे का, बाप्तिस्मा हवा का, असं विचारून डोक्यावर पाणी तीनदा, क्रुसाच्या आकारात. टाळूवर क्रिझम (सुगंधी पवित्र तेल). पांढरं वस्त्र. पेटती मेणबत्ती. यातला खरा संस्कार पाण्याच्या त्या तीन धारांचा, बाकी सगळं भोवतीचं.

आणि आता भारत. सतराव्या शतकात मदुराईच्या जेझुइटांनी (एका कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांनी) फुंकर, मीठ आणि मुख्यतः थुंकी गाळायला किंवा लपूनछपून उरकायला सुरुवात केली होती. कारण तुम्हा-आम्हाला सांगायला नको. दुसऱ्याची थुंकी म्हणजे उष्टं, आणि तेही पवित्र कार्यात, नव्या बाळाच्या अंगाला. उच्चवर्णीय घरं तिथेच पाठ फिरवत. त्यांच्या विरोधकांनी रोमला तक्रारी केल्या. पोपचा दूत तूर्नाँ पाँडिचेरीला उतरला आणि १७०४ मध्ये त्याने हुकूम काढला : थुंकी, मीठ, फुंकर, काही गाळायचं नाही. त्याच हुकमात ताली (दाक्षिणात्य मंगळसूत्र), लग्नातले विधी, रजस्वला स्त्रियांना चर्चमध्ये येऊ न देणं अशा बाबीही होत्या. भांडण चाळीस वर्षं चाललं, १७४४ मध्ये चौदाव्या बेनेडिक्ट पोपने निकाल दिला. भारतात येणाऱ्या मिशनऱ्यांना या बाबतीत शपथ घ्यावी लागे, ती १९४० मध्ये रद्द झाली.

गंमत अशी की १९६९ च्या नव्या बालस्नानसंस्कारात रोमने स्वतःच मीठ आणि फुंकर काढून टाकली, आणि 'इप्फाथा' पाण्यानंतर नेऊन, कान आणि तोंड एवढंच, थुंकीविना, ऐच्छिक ठेवलं. मदुराईवाल्यांचं म्हणणं २६५ वर्षांनी मान्य झालं म्हणा ना, निराळ्या कारणाने.

---

गव्हाण :
चापट आणि पाचवा प्रश्न एकत्र घेतो, कारण दोन्हींत एकच घोळ आहे : जी क्रिया डोळ्यांत भरते ती महत्त्वाची वाटते.

दृढीकरणात मूळ गोष्ट हात ठेवणं (प्रेषितांची कृत्ये ८:१७). रोममध्ये त्याला कपाळावर क्रिझम लावणं जोडलं गेलं आणि ४१६ मध्ये पहिल्या इनोसंट पोपने गुब्बिओच्या बिशपला लिहिलं की कपाळाचं हे लेपन फक्त बिशपचं, साध्या धर्मगुरूचं नाही. पूर्वेकडच्या (ग्रीक, रशियन वगैरे) चर्चमध्ये असं झालं नाही. तिथे बाप्तिस्म्यानंतर लगेच धर्मगुरूच मिरॉन (तिकडचं क्रिझम) लावतो : कपाळ, डोळे, नाकपुड्या, ओठ, कान, छाती, हात, पाय, आणि दर ठिकाणी 'पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा'. बिशपचा अधिकार तिथे तेलात असतो, हातात नाही. तेल त्याने किंवा पॅट्रिआर्कने (तिथल्या चर्चच्या प्रमुखाने) पवित्र केलेलं लागतं.

चापट यातल्या कशातही नाही. ती दिसते तेराव्या शतकाच्या शेवटी, फ्रान्समधल्या मांदचा बिशप द्युरांडुस याच्या विधिग्रंथात. तिथून ती रोमन ग्रंथात शिरली. कुणी म्हणतं नव्या सरदाराला मानेवर किंवा खांद्यावर फटका देत त्याची नक्कल, कुणी म्हणतं आधी तिथे शांतीचं चुंबन होतं त्याचं झालेलं रूप. सोबत 'तुला शांती असो' हे शब्द असत, त्यामुळे दुसरं मत मला जास्त पटतं. 'ख्रिस्तासाठी मार खायची तयारी' हे शिकवणीच्या पुस्तकातलं स्पष्टीकरण, आणि मुलांना बरोब्बर तेवढंच लक्षात राहायचं. १५ ऑगस्ट १९७१ च्या सहाव्या पॉल पोपच्या आदेशानंतर आलेल्या विधीत चापट नाही. आवश्यक गोष्ट ठरली ती कपाळावर क्रिझमचं लेपन, तेही हात ठेवून. आणि शब्द घेतले ते पूर्वेकडचे, वर लिहिले तेच.

तेलाची एक अडचण कुणी सांगत नाही. क्रिझम म्हणजे ऑलिव्ह तेल आणि बाल्सम. पातळ असतं, डोळ्यांत ओघळतं. मध्ययुगात कपाळाला कापडाची पट्टी बांधून ठेवत, काही ठिकाणी बरेच दिवस. पुढे कापसाने लगेच टिपायला लागले. बिशपच्या अंगठ्याला साबणाआधी पावाचा मऊ गर आणि लिंबाची फोड लागते. तेलाचा चिकटा पावात जातो, उरलेला लिंबाने सुटतो. वापरलेला कापूस आणि पाव जाळायचा. थोडक्यात, दृढीकरणाच्या दिवशी तबकात लिंबू दिसलं तर दृष्ट काढायला आणलेलं नाही.

आता 'काय चुकलं तर झालंच नाही'.

पाणी : खरं पाणी हवं. १२४१ मध्ये नवव्या ग्रेगरी पोपकडे नॉर्वेहून विचारणा आली, पाणी नसल्यामुळे काही बाळांना बिअरने बाप्तिस्मा दिला, चालेल का? उत्तर : नाही. पाणी डोक्याच्या कातडीवरून वाहायला हवं. अंगठा ओला करून कपाळाला लावला तर शंका. दाट जावळावरून नुसतं ओघळलं तरी शंका, म्हणून दुसऱ्या हाताने केस बाजूला करायचे. आणि जो ओततो त्यानेच, ओतता ओतताच शब्द म्हणायचे. एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं हे बाद.

शब्द : ७४६ मध्ये पोप झकारियाने बोनिफास या मिशनरीला लिहिलेलं पत्र इथे मोलाचं. बव्हेरियातल्या एका धर्मगुरूचं लॅटिन इतकं कच्चं होतं की तो 'पात्रिस एत फिलिई'च्या जागी 'पात्रिया एत फिलिया' म्हणायचा. पोपने सांगितलं, अज्ञानाने झालेली व्याकरणाची चूक आहे, पुन्हा देऊ नका. याउलट ऑगस्ट २०२० मध्ये रोमने ठरवलं की 'मी तुला' ऐवजी मुद्दाम 'आम्ही तुला' म्हटलेला बाप्तिस्मा अवैध. व्याकरण चुकलेलं चाललं, कर्ता बदललेला चालला नाही. कारण पहिल्यात अर्थ बदलायचा हेतू नव्हता.

हात : सगळ्यात मोठा घोटाळा दीक्षाविधीत झाला. जुना विधी साधा, मूकपणे डोक्यावर हात आणि मग प्रार्थना. मध्ययुगात त्यात भर पडली : उमेदवाराचे तळवे तेलाने माखायचे, कापडाने बांधायचे, आणि त्या हातांत द्राक्षारस घातलेला चषक व वर ओस्ती ठेवलेली तबकडी द्यायची. हे देणं इतकं ठसठशीत की हात ठेवणं मागे पडलं. १४३९ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने आर्मेनियनांसाठी काढलेल्या फर्मानात धर्मगुरुपदाच्या संस्काराचं 'द्रव्य' म्हणजे ही चषक-तबकडी, असंच लिहून टाकलं. झालं. पुढची पाचशे वर्षं विधिप्रमुखांचा जीव टांगणीला : बोटं चषकालाही लागली का, तबकडीलाही लागली का, हात बांधलेले, बोटं तेलकट. शंका आली की पुन्हा. शेवटी ३० नोव्हेंबर १९४७ रोजी बाराव्या पायस पोपने निर्णय दिला : यापुढे आवश्यक फक्त हात ठेवणं आणि ठरलेले शब्द. हात डोक्याला प्रत्यक्ष लागावा, पण चुकून न लागला तरी संस्कार होतो, हेही त्यातच. पूर्वेकडच्या बहुतेक चर्चनी चषक देण्याची ही पद्धत घेतलीच नव्हती आणि त्यांची दीक्षा रोमला कायम मान्य होती, हे कुणालाही आधी सुचायला हरकत नव्हती.

---

दर_रविवारी :
सगळी चर्चा कॅथलिक बाजूने चालली आहे, म्हणून प्रोटेस्टंट बाजूचं थोडं.

इंग्लंडमध्ये १५४९ च्या प्रार्थनाग्रंथात बाप्तिस्म्याला तीनदा बुडवणं आणि पांढरं वस्त्र होतं. १५५२ च्या आवृत्तीत ते गेलं, उरला एक क्रूस, पाण्यानंतर कपाळावर. त्या एका क्रुसावरून प्युरिटन (कडवे इंग्लिश सुधारणावादी) पन्नास वर्षं भांडले. म्हणे बायबलमध्ये नाही. १६०४ च्या नियमावलीत एक अख्खा नियम त्याच्या समर्थनासाठी खर्ची पडला, आणि त्यात स्पष्ट केलं की बाप्तिस्मा क्रुसाआधीच पूर्ण झालेला असतो. प्रभुभोजनाचंही तसंच : १५५२ च्या प्रार्थनेत पाळकाने भाकरीला कधी हात लावायचा याची एकही सूचना नाही. १६६२ मध्ये पाच हस्तक्रिया छापून आल्या : तबकडी घेणं, भाकर मोडणं, भाकरीवर हात ठेवणं, प्याला हातात घेणं, आणि द्राक्षारस असलेल्या प्रत्येक भांड्यावर हात ठेवणं. या पाचव्याची चूक नेहमीची. जास्तीचा द्राक्षारस कडेला सुरईत असतो आणि तिच्यावर हात ठेवायचं राहून जातं.

आणि हात ठेवण्याबद्दल महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा चर्च एकत्र येत होती. काहींना बिशप होते, काहींना नव्हते. मग कुणाची पाळकदीक्षा खरी? दक्षिण भारतात १९४७ मध्ये सरळ मार्ग घेतला होता : आहेत ते सगळे पाळक मान्य, पुन्हा हात ठेवणं नाही, यापुढच्या दीक्षा बिशपच्या हातून. नागपूरला वेगळं केलं : सेवा एकत्र आणण्याच्या विधीत सर्व बाजूंच्या प्रतिनिधींनी प्रार्थना करून एकमेकांवर हात ठेवले. ही पुन्हा दिलेली दीक्षा की नाही, यावर शब्द मुद्दाम मोकळे ठेवले. १ तीमथ्य ४:१४ मध्ये 'वडीलवर्गाचे हात' आहेत, ते कुणाचे, यावर आजही दोन मतं. त्या दिवशी हात सगळ्यांनी ठेवले, खुलासा ज्याने त्याने आपापला केला.

---

कोरा_कागद :
@जुनी_वही, उत्तम माहिती. एक पुरवणी. अंगठा-तर्जनीपेक्षा मला नेहमी कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे क्रुसांची संख्या. १५७० च्या ग्रंथात 'ते इगितुर'पासून 'पेर इप्सुम'पर्यंत (मिस्साच्या मुख्य प्रार्थनेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत) फादर अर्पणावर २५ क्रूस काढतात, शिवाय एक स्वतःवर. मोजून बघा : ३, ५, मग भाकर आणि चषकावर प्रत्येकी १, मग ५, २, ३, ५. यातले पंधरा पवित्रीकरणाच्या शब्दांनंतरचे. जे आधीच ख्रिस्ताचं शरीर झालं त्याला आणखी आशीर्वाद कसला? मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्विनासलाही यावर उत्तर द्यावं लागलं, आणि त्याने ते क्रूस दुःखसहनाच्या एकेका टप्प्याची आठवण म्हणून लावून दिले. साधं उत्तर असं की यातले बरेच मूळचे बोट दाखवणं आहेत. वाक्यात 'ही दानं, या भेटी, हे बलिदान' आलं की बोलणारा हात त्या दिशेने नेतो. लॅटिन वक्ते करत तेच. पुढे हात नेण्याला क्रुसाचा आकार आला. आजच्या ग्रंथात त्याच प्रार्थनेत अर्पणावर एकच क्रूस राहिला आहे.

आणि लोक स्वतःवर काढतात त्या क्रुसाचंही ठेवून द्या. तेर्तुल्लियन हा ख्रिस्ती लेखक तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला सांगतो की घरातून निघताना, जोडे घालताना, दिवा लावताना आम्ही कपाळावर खूण करतो. तो छोटा, अंगठ्याचा. कपाळ ते छाती असा मोठा क्रूस नंतरचा. तिसरा इनोसंट, पोप होण्याच्या जरा आधी, लिहितो की तीन बोटांनी, वरून खाली, मग उजवीकडून डावीकडे. आणि लगेच नोंदवतो की काहीजण डावीकडून उजवीकडे करतात. म्हणजे आजची कॅथलिक पद्धत तेव्हा अल्पमतात होती. पूर्वेने उजवीकडूनची टिकवली. रशियात तर बोटं किती यावरून फूट पडली : १५५१ च्या मॉस्को परिषदेने दोन बोटं सक्तीची केली, १६५३ मध्ये पॅट्रिआर्क निकॉनने तीन केली, १६६६-६७ च्या परिषदेने दोन बोटंवाल्यांना बहिष्कृत केलं. तो शाप मॉस्को चर्चने १९७१ मध्ये मागे घेतला.

---

सांजवात :
सर्वांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूपच मिळालं. दोन उपप्रश्न. कुमसारात (पापांच्या कबुलीत) फादर हात नुसता उचलतात, डोक्यावर ठेवत नाहीत. आधी ठेवायचे का? आणि २०२० मध्ये तेल कापसाच्या काडीने लावत होते ते 'चालतं' कसं, जर हात लागायलाच हवा?

---

गव्हाण :
कुमसाराचं उत्तर सुतारकामात आहे. जुन्या काळी प्रायश्चित्त उघड, आणि शेवटी बिशप डोक्यावर हात ठेवून परत घेई. खासगी कबुली आली तरी माणूस फादरच्या बाजूलाच बसे किंवा गुडघे टेके, हात पोचत असे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ याने मध्ये फळी आणि जाळी असलेली लाकडी पेटी सक्तीची केली. स्त्रियांच्या कबुलीत गैरप्रकाराला किंवा संशयालाही जागा राहू नये म्हणून. जाळीतून हात जात नाही. मग हात फक्त त्या दिशेला उचलायचा, शेवटी क्रूस. १९७३ च्या विधीत 'दोन्ही हात, निदान उजवा, डोक्यावर पसरावा' असं पुन्हा आलं, पण पेट्या तशाच आहेत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी जाळीकडे तळवाच दिसतो.

कापसाची काडी : आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्कारात आवश्यक आहे ते तेलाचं लेपन, बोटाचा स्पर्श नाही. साथीच्या रोगात काडीने किंवा तत्सम साधनाने तेल लावायची मुभा जुन्या विधिग्रंथांनाही माहीत आहे, २०२० मध्ये नवीन काही शोधलं नाही. काडीचं काम : तेल काचेच्या वाटीत वेगळं काढायचं, एक काडी एकाच माणसाला, बुडवलेली काडी पुन्हा वाटीत नाही, शेवटी काड्या जाळायच्या.

जुनी पद्धत लांबलचक होती : डोळे, कान, नाकपुड्या, ओठ, हात, पाय, प्रत्येक इंद्रियाने केलेल्या पापासाठी वेगळं वाक्य. डोळे-कान जोडीचे, तर उजवा आधी आणि वाक्य दुसऱ्यावर संपवायचं. माणूस शेवटच्या घटकेला असेल तर एकदाच कपाळावर. आजारी धर्मगुरू असेल तर तळव्यांना नाही, हाताच्या मागच्या बाजूला, कारण तळव्यांना दीक्षेच्या वेळी तेल लागून गेलेलं असतं. ३० नोव्हेंबर १९७२ च्या आदेशाने कपाळ आणि हात एवढंच राहिलं. त्याच आदेशाने ऑलिव्ह नसेल तर दुसरं कुठलंही वनस्पतिजन्य तेलही चालू लागलं, तेव्हा खोबरेल किंवा तिळाचं तेल नियमात बसतं. फक्त खोबरेल थंडीत थिजतं. डबीत कापसाचा बोळा भिजवून ठेवला तर बोळ्यासकट गोळा होतो आणि अंगठ्याला काही लागतच नाही. तेव्हा डबी आधी मुठीत धरून ठेवायची.